अकरा ओळींची जागा

रविवारचं जेवण आटोपलं की स्टॅनवुडांच्या जेवणघराचं कामघर होत असे. त्या दिवशी तर कॉर्नेलियाने सफरचंदाचा पायसुद्धा पाच वाजेपर्यंत कपाटात बंद करून ठेवला होता, कारण प्रुफांवर पायचा चुरा सांडलेला फोगार्टीला खपत नसे. फोगार्टी म्हणजे छापखान्याचा फोरमन. तो पाचला येणार होता, शेवटच्या तीन प्रकरणांची तपासलेली पानं घेऊन जाणार होता आणि सोमवारी सकाळी यंत्रं सुरू होणार होती. 'स्टॅनवुड अँड सन्स : शंभर वर्षं' हा ग्रंथ नोव्हेंबरच्या समारंभात पाहुण्यांच्या हातात पडायचा, तर त्यापुढे एक दिवसही सरकून चालणार नव्हतं. सगळ्या बॉस्टनला आमंत्रणं गेली होती.

ग्रंथ विन्स्लोने लिहिला होता. कंपनीचा मालक तो, त्यामुळे इतिहासही त्यानेच लिहायचा हे ओघानेच आलं. अडुसष्टाव्या वर्षी पहिलं पुस्तक झालं आणि तेव्हापासून गड्याची चालच बदलली, असं त्याच्या थोरल्या बहिणीचं, हेस्टरचं, म्हणजे घरातल्या हेटीचं, मत होतं. आयुष्यभर लेखकांना 'थोडं आखूड करा' म्हणून सुनावणारा माणूस आता स्वतः लेखक झाला होता, आणि त्याच्या मजकुरातला स्वल्पविराम जरी हलला तरी तो छापखान्याला चिठ्ठी धाडत होता.

म्हणूनच आत्ता तो टेबलापासून लांब, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. घराण्याचा नियम होता तो. लेखकाला आपल्या चुका दिसत नाहीत, तेव्हा प्रुफं वाचताना लेखकाने लांब बसायचं, पेन्सिलीला हात लावायचा नाही आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मोठमोठ्या लेखकांना या खुर्चीत बसवून विन्स्लोने त्यांची गंमत पाहिली होती. आज बाहेर मेपलची लाल पानं गळत होती आणि तो ती मोजत बसल्याचं सोंग आणत होता.

टेबलाशी हेस्टर आणि विन्स्लोची मुलगी थिओडोरा समोरासमोर होत्या. हेस्टरच्या हातात मूळ हस्तलिखित, थिओडोराच्या हातात छापलेली पानं आणि निळी पेन्सिल. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं. विरामचिन्हं मात्र तोंडाने म्हणायची नाहीत. कंपनी सुरू करणाऱ्या जोसायाच्या बायकोने, टॅबिथाने, शिवता शिवता प्रुफं वाचली होती आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या टोपीने, अंगुस्तानानेच, ती टेबलावर चिन्हं वाजवीत असे. एक टिचकी म्हणजे स्वल्पविराम, दोन म्हणजे पूर्णविराम आणि तळहात पालथा आपटला की नवा परिच्छेद. ते चांदीचं अंगुस्तान आता हेस्टरच्या बोटात होतं. या घरातली मुलं बोलायच्या आधी हे टिचक्यांचं बोलणं शिकत. विन्स्लोचा मुलगा एलियट लहानपणी हट्टाला पेटला की त्याची आई कॉर्नेलिया नुसती दोनदा टेबलावर वाजवी आणि विषय संपे.

तो एलियट आता चौतिशीचा झाला होता, विक्रीखातं सांभाळत होता आणि जानेवारीपासून वडिलांच्या खुर्चीत बसणार होता. त्या आनंदात दोन महिने तो सगळ्यांशी गोड वागत होता. थिओडोरा त्याची धाकटी बहीण. ती पाच वर्षं संपादन विभागात होती, आणि गोड वागण्यासाठी तिची काही ख्याती नव्हती.

"प्रकरण अकरावं," हेस्टरने वाचलं, "संपादकांची पिढी."

तिचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. तिच्या काळजात काय चाललं होतं ते तिचं तिला माहीत. विन्स्लोने हे हस्तलिखित तिला दाखवलं नव्हतं. "तू निवृत्त झालीस, आता आराम कर, तुला छापूनच देतो," असं म्हणाला होता. आधीची दहा प्रकरणं तिने याच टेबलाशी रविवारी रविवारी वाचली होती, आणि हे अकरावं म्हणजे तिचा काळ. चाळीस वर्षं. सकाळी चर्चमध्ये पाद्रीबाबा क्षमेवर बोलत असताना हेस्टर मनात ओळी मोजत होती. दोन परिच्छेद असतील. निदान एक. तो वाचताना चेहरा कसा ठेवायचा याचीही तिने तयारी केली होती, थोडासा संकोच आणि 'कशाला एवढं' म्हणत मान हलवणं. एकाहत्तराव्या वर्षी असली तयारी करावी याचं तिला हसूही आलं होतं.

पहिली पाच पानं क्रूसाहेबांची निघाली. हार्लन क्रू, मुख्य संपादक, वारून वीस वर्षं झालेले.

"'क्रू यांची पत्रं म्हणजे संपादनकलेचा वस्तुपाठ होती,'" हेस्टर वाचत होती. टक् टक्. "'एका लेखकाला त्यांनी लिहिलं होतं,'" टक्, "'तुमची नायिका पहिली चाळीस पानं नुसते जिने चढते आहे,'" टक्, "'तिला एकदाची कुठेतरी पोचू द्या.'" टक् टक्.

हे वाक्य हेस्टरने एकोणीसशे बावीस सालच्या फेब्रुवारीत लिहिलं होतं. तापाने अंग फणफणलं होतं आणि पाय रेडिएटरवर होते. क्रूसाहेब तेव्हा फ्लोरिडात होते.

तिने वाचन थांबवलं नाही. क्रूंनंतरच्या संपादकाचं एक वाक्य आलं, तेही तिचंच होतं. त्याच्या नंतरच्याचं आलं, तेही. आपलीच वाक्यं दुसऱ्यांच्या नावावर वाचताना तिला राग येत नव्हता, उलट ती अजून टवटवीत आहेत याचं बरं वाटत होतं. येईल, पुढच्या पानावर आपलं नाव येईल, असं ती स्वतःला सांगत होती. आणि ते आलं.

"'या सर्व काळात ऑफिसला घरपण दिलं ते माझी बहीण हेस्टर हिने. तिच्यामुळे स्वागतकक्षातल्या फुलदाण्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत.'" टक् टक्. "इथे चांदणी आहे. खाली तळटीप. 'क्रू आणि त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांची सर्व पत्रं एकाच टंकलेखिकेने टाइप केलेली असून चाळीस वर्षांत तिच्या हातून एकही चूक झालेली आढळत नाही.'" टक् टक्. हेस्टरने तळहात पालथा टेकवला. "इथून विन्स्लोच्या माशाची गोष्ट सुरू."

थिओडोराची पेन्सिल हवेतच राहिली होती. "आत्या, परत वाच."

"मासा?"

"फुलदाण्या."

"छापलंय बरोबर," हेस्टर म्हणाली. "जसं लिहिलंय तसंच आहे."

एलियटला शांतता सोसत नाही, तो विक्रीवाला माणूस. "फुलं छान असायची मात्र," तो म्हणाला.

"फुलं मी पाठवायचे," कॉर्नेलिया विणकामातून वर न बघता म्हणाली. "आपल्या बागेतली. हेटीला फुलांनी शिंका येतात, हे चाळीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही वाटतं."

"मी बोलू का?" खिडकीतून विन्स्लोने विचारलं.

"नाही," टेबलाशी बसलेल्या दोघी एकदम म्हणाल्या.

थिओडोरा हसू दाबणाऱ्या भावाकडे वळली. "दादा, हसू नकोस. डॅडी, विचारते आहे म्हणून बोला. क्रूसाहेबांची ती पत्रं कोणी लिहिली?"

विन्स्लो उठून उभा राहिला. तो उंच होता आणि अडचणीत आला की आणखी उंच होत असे. "हे बघ, प्रोफेसर गॅमेजनी तळघरातल्या पेट्या उपसून सगळी टिपणं काढली. पत्रांच्या प्रतींवर सही क्रूची आहे. इतिहास पुराव्यावर लिहायचा असतो."

"सहीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात काय असतं?"

"टाइप करणारीची आद्याक्षरं असतात. बारीक. सगळ्याच ऑफिसांत असतात."

"आणि या पत्रांवर कोणती आहेत?"

विन्स्लोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी बरणीतून साखर चोरली की अशाच होत, हे हेस्टरला आठवलं.

"हे. स्टॅ.," तो म्हणाला.

हेस्टर हसली. अगदी मनापासून हसली. "बिचारे गॅमेज," ती म्हणाली. "मी टायपिंगमध्ये इतकी धड असेन असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं तर 'क' आणि 'ल' नेहमी चुकायचे, खोडून परत मारायचे."

पण थिओडोरा हसत नव्हती, म्हणून हेस्टरला सांगावं लागलं. सोळा साली हेस्टर आणि विन्स्लोचे वडील म्हणाले होते की बाईने सुचवलं तर कोणी पुरुष लेखक एक शब्दसुद्धा बदलणार नाही, तेव्हा पत्रं तू लिही, सही क्रू करेल. तिशीतल्या हेस्टरला ते पटलं होतं. कोपऱ्यात टायपिस्टच्या जागी आपली अक्षरं टाकायची ही युक्ती तिची स्वतःची होती. "दहा वर्षं त्यात मजा वाटली," ती म्हणाली. "मग सवय झाली. सोडा आता ते. चार वाजत आलेत, अजून मासा आहे आणि दोन प्रकरणं आहेत."

"तुम्हाला माहीत होतं, डॅडी," थिओडोरा म्हणाली. "गॅमेजना नव्हतं. तुम्ही शेजारच्या खोलीत बसत होता."

"होतं ना माहीत." विन्स्लोने खुर्चीची पाठ धरली. "तेच तर मला... मी टिपणं वाचली, लिहून काढलं, परत वाचलं. मला खटकलंच नाही, हेटी. खोटं सांगत नाही. एकदाही खटकलं नाही."

एवढ्या वेळात हेस्टरला झोंबलं ते हे. चाळीस वर्षं ती इतकी नीट लपली होती की सख्ख्या भावालाही दिसेनाशी झाली होती. आणि तरीही तिने हस्तलिखिताचं पान उचललं. गिळून टाकायची सवय बोटांतसुद्धा असते. "'एकतीस सालच्या जूनमध्ये,'" तिने वाचायला घेतलं, "'मी आणि कादंबरीकार अँब्रोज ट्विचेल मेन राज्यातल्या नदीवर—'"

"आत्या, माझ्या पत्रांवर कोणाची सही असते, माहीत आहे?"

हेस्टर थांबली.

"आमच्या विभागप्रमुखांची, लूमिससाहेबांची. मी लिहिते, ते वाचतसुद्धा नाहीत, सही ठोकतात. आणि डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मी असते." थिओडोराचा आवाज जरा कापला, तिला ते आवडलं नसावं, म्हणून ती आणखी तोऱ्यात बोलली. "मला वाटायचं, ही तुझी रीत आहे. म्हणून मी मिरवायचे ती. आमच्या विभागातली एमिली रोर्क न्यूयॉर्कला गेली, तिथे तिची स्वतःची सही चालते, ती मला ये म्हणते आहे. मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं, माझी आत्या अशीच काम करायची. आता चाळीस वर्षांनी माझ्या नावावर काय लिहिणार आहेत? मला तर फुलंही येत नाहीत लावता."

हेस्टरने भाचीकडे पाहिलं. स्वतःच्या बाबतीत जे तिने कधीच मनाला लावून घेतलं नव्हतं ते आता एकाएकी तिला सहन होईना. ही पोर आपल्यामुळे त्या कोपऱ्यात बसली होती.

तिने पान खाली ठेवलं. "विन्स्लो," ती म्हणाली, "मला या प्रकरणात जागा हवी आहे."

"तुला हवी होती तर आधी सांगायचंस."

"आता सांगते आहे."

"आता कसं होणार? एलियट, सांग तिला."

एलियटने घसा साफ केला. हे प्रकरण दोनशे एक्केचाळीस ते दोनशे अडुसष्ट या पानांत काठोकाठ बसलं होतं. पुढची पानं जुळवून झाली होती, मागची सूचीही पानांच्या आकड्यांसकट तयार होती. "एक ओळ वाढली की पुढचं सगळं सरकतं, आत्या. नोव्हेंबर विसरावा लागेल. एक ओळ घालायची तर एक काढायला हवी, आणि तीही याच प्रकरणातली."

"ठाऊक आहे मला," हेस्टर म्हणाली. "तू रांगत होतास तेव्हापासून ठाऊक आहे. मला अकरा ओळी पुरतील."

"अकराच का?" विन्स्लोने संशयाने विचारलं.

"मासा अकरा ओळींचा आहे."

विन्स्लोचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो सॅमन म्हणजे त्याने आयुष्यात पकडलेला सगळ्यात मोठा मासा होता आणि ट्विचेल वारल्यामुळे त्याला आता साक्षीदारही उरला नव्हता. छापून आला नसता तर तो मासा जगातून गेला असता. "मासा जाणार नाही," तो म्हणाला. "त्या सहलीत ट्विचेलने आपल्याशी करार केला. तो इतिहास आहे."

"करार त्याने तारेने केला होता," हेस्टर म्हणाली. "आठवडाभर आधी. सहलीत तो पाण्यात पडला."

कॉर्नेलियाने विणकाम मांडीवर ठेवलं. पस्तीस वर्षं ती नणंद आणि नवरा यांच्या मधोमध बसत आली होती, आणि तिचा कौल नेहमी शांततेच्या बाजूने पडे, म्हणजे नवऱ्याच्या. हेस्टरने तिच्याकडून काही अपेक्षाच ठेवली नव्हती. "माझ्या चहापार्ट्यांच्या चार ओळी आहेत ना त्यात?" तिने विचारलं. "'लेखकांसाठी सौ. स्टॅनवुड स्वतः सँडविचं कापीत.' त्या काढा. सँडविचं स्वयंपाकघरातली ब्रिजिट कापायची. मी फक्त ती पुरुषांच्या हातून गालिच्यावर पडू नयेत म्हणून बघत असायचे."

"कॉर्नी," विन्स्लो म्हणाला.

"काय कॉर्नी? फुलदाण्या माझ्या होत्या, त्या तू हिला दिल्यास. सँडविचं ब्रिजिटची होती, ती मला. या पुस्तकात कोणाचं काय कोणाला मिळालंय, काही पत्ता लागत नाही."

चार ओळी झाल्या. सगळ्यांनी एलियटकडे पाहिलं. एलियटने वडिलांकडे पाहिलं. जानेवारी फार लांब नव्हता आणि विन्स्लोला मन बदलायची सवय होती. "शिकागोच्या मोहिमेवर माझ्या तीन ओळी आहेत," तो हळूच म्हणाला.

"एलियट, विचार कर," विन्स्लो म्हणाला.

"करतोय, डॅडी." त्याने केसांतून हात फिरवला. "तिथे लिहिलंय की मी त्या शहरात आपलं पुस्तक घराघरांत पोचवलं. मी हॉटेलात गालगुंड होऊन पडलो होतो. पुस्तक पोचवलं ते तिथल्या दुकानवाल्या मिसेस कोवाल्स्कींनी. आणि त्यांनी ते का उचललं, माहीत आहे? तिसऱ्या प्रकरणात त्या रडल्या म्हणून. तिसरं प्रकरण आत्याने लिहून घेतलं होतं, सहा वेळा. आमच्या खात्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. घ्या तीन ओळी."

थिओडोराने टेबलाखालून भावाला लाथ मारली. लहानपणी शाबासकी द्यायची तिची ही पद्धत होती.

सात झाल्या. उरलेल्या चार माशाच्या अंगातूनच निघायला हव्या होत्या, आणि विन्स्लो हाताची घडी घालून उभा होता. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. फोगार्टी पाऊण तास आधीच आला होता.

तो दारातच टोपी काढून उभा राहिला आणि सफरचंदाचा पाय कुठे दिसतो का ते त्याने पाहिलं. छापखान्यात त्याला एकतीस वर्षं झाली होती, आणि घरातल्या भांडणाचा वास त्याला शाईच्या वासाइतकाच चटकन येत असे. "मी बाहेर थांबू का?"

"बसा, डॅनियल," हेस्टर म्हणाली. "एक विचारायचं होतं. अकराव्या प्रकरणात ओळींना ओळी अशी अदलाबदल केली तर उद्या सकाळी होईल?"

"पाचपर्यंत हातात आलं तर होईल. अकरावं म्हणजे..." फोगार्टीने हातातली टोपी फिरवली. "बाई, राग मानू नका, पण अकराव्याची एक गंमत आहे. हे प्रकरण जुळवायला घेतलं तेव्हा आमच्या माणसांनी पैज लावली होती. तुमचं संपादनाचं काम कितव्या पानावर येतं, याची. जो जिंकेल त्याला बाकीच्यांनी सफरचंदाचा पाय खाऊ घालायचा. सलिव्हन म्हणाला दोनशे बेचाळीस. मी म्हटलं पहिल्याच पानावर. शेवटचं पान जुळवून झालं आणि कोणीच जिंकलं नाही. सलिव्हनला वाटलं, एखादं पान हरवलंय. त्याने दुपारभर शोधलं."

"तुमचं अक्षर आम्हाला झोपेतही ओळखता येतं," फोगार्टी विन्स्लोकडे न बघता म्हणाला. "तीस वर्षं प्रत्येक प्रुफाच्या कडेला तेच होतं. आम्हाला वाटायचं, सगळ्यांनाच ठाऊक आहे."

विन्स्लो अभ्यासिकेत गेला आणि दार ओढून घेतलं. कॉर्नेलियाने कपाटातून पाय काढला आणि सगळ्यात मोठा तुकडा, वर चेडर चीजची चकती ठेवून, फोगार्टीला दिला. टेबलापासून लांब, बशीसकट. थिओडोरा आणि हेस्टरने तेवढ्यात बारावं आणि तेरावं प्रकरण वाचून काढलं. ती छोटी होती, त्यांत आकडे आणि आभार होते. टिचक्या पडत होत्या आणि अधूनमधून अभ्यासिकेतून कागद फाडल्याचा आवाज येत होता.

पाचाला वीस मिनिटं असताना विन्स्लो बाहेर आला. त्याच्या बाहीला शाई लागली होती. "अकरा ओळी," तो म्हणाला, "मोजून. मासा सगळा काढा. कॉर्नीच्या आणि एलियटच्या ओळी राहू देत." आणि कोणी सांगायच्या आत तो खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला, लेखकाच्या जागी.

हेस्टरने कागद घेतला. "'पहाटेच्या ताऱ्याप्रमाणे,'" तिने वाचलं, टक्, "'जो स्वतः मावळून जगाला सूर्याच्या स्वाधीन करतो,'" टक्. ती थांबली. तिने थिओडोराकडे हात पुढे केला. "पेन्सिल."

"हेटी, नको," खिडकीतून आवाज आला.

"लेखकांनी बोलायचं नाही." निळी रेघ सरळ गेली. "तारा जाऊ दे. 'विनम्रतेची मूर्ती.' मी नम्र नव्हते, विन्स्लो. गप्प होते. दोन्ही निराळं." रेघ. "'तिच्या वात्सल्याच्या सावलीत अनेक प्रतिभा बहरल्या.' ट्विचेलला मी वर्षातून दोनदा रडवायचे." रेघ. "'अमूल्य', 'अतुलनीय', 'अविस्मरणीय'. यातलं एक तरी ठेवलं असतं, पण तिघे एकदम आलेत, तेव्हा तिघांनाही निरोप." रेघ, रेघ, रेघ.

फोगार्टी पायचा घास घेता घेता हसू लागला आणि त्याला ठसका लागला. एलियट त्याची पाठ थोपटत होता. विन्स्लो खुर्चीत कण्हत होता, आणि ते कण्हणं थिओडोराने ओळखलं. गेल्या पाच वर्षांत त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक लेखकाच्या तोंडून तिने ते ऐकलं होतं. तिच्या वडिलांना आज पहिल्यांदा खरीखुरी संपादक भेटली होती.

शेवटच्या वाक्यावर हेस्टरने सवयीने रेघ ओढली. मग ते परत वाचलं. मनातल्या मनात. पेन्सिल उलटी करून तिने क्षणभर ओठांना लावली आणि रेघेखाली एकेक ठिपका दिला. रेघेखाली ठिपके म्हणजे खोडलेलं राहू द्यावं, हे या खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

"वाच ना, आत्या," थिओडोरा म्हणाली.

तिने वाचलं. "'या प्रकरणात आलेल्या पुस्तकांपैकी सव्वीस हेस्टर स्टॅनवुड हिने संपादित केली.'" टक् टक्. "'क्रू आणि त्यांच्या नंतरच्या दोघांच्या सहीने गेलेली पत्रं तिची होती.'" टक् टक्. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा अडखळला. "'हे मला ठाऊक होतं,'" टक्, "'आणि तरी मी ते लिहायला विसरलो होतो.'" टक् टक्.

कॉर्नेलिया चष्मा पुसू लागली. फोगार्टीने बोटांवर हिशोब केला. "चार ओळी," तो म्हणाला. "मग सात उरतात की."

"तळटीप काढा, फुलदाण्या काढा, त्या जागी हे बसवा," हेस्टर म्हणाली. "म्हणजे नेमकी जुळणी होते आणि बाकी कोणाला हात लावायला नको. फक्त कॉर्नीच्या ओळींत 'सौ. स्टॅनवुड'च्या जागी ब्रिजिटचं नाव घाला आणि एलियटच्या जागी कोवाल्स्कीबाईंचं."

"ब्रिजिटचं आडनाव काय होतं?" थिओडोराने विचारलं.

"डोनाह्यू," कॉर्नेलिया आणि फोगार्टी एकदम म्हणाले. ब्रिजिट त्याची मावशी होती.

विन्स्लोला हे समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे मासा राहिला?"

"राहिला. ट्विचेल पाण्यात पडला एवढं मात्र त्याच अकरा ओळींत कुठेतरी बसव, त्यावाचून तो मासा कोणाला खरा वाटणार नाही."

पाचला सहा मिनिटं होती. शेवटच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'छापा' असं लिहून मालकाने सही करायची आणि पानं फोरमनच्या हवाली करायची, अशी शंभर वर्षांची चाल होती. विन्स्लोने पेन उघडलं, पानाकडे पाहिलं आणि पेन बहिणीपुढे केलं.

हेस्टरने 'छापा' लिहिलं. खाली आपलं नाव लिहिलं, पूर्ण, ठळक, लफ्फेदार. इतक्या वर्षांत तिला ते कुठे लिहावंच लागलं नव्हतं, त्यामुळे ते जरा वाकडं आलं. मग तिने पेन थिओडोराला दिलं. "तूही कर. ताडून तू पाहिलंस. आणि उद्यापासून तुझ्या पत्रांवर तुझीच सही. लूमिसला काही म्हणायचं असलं तर त्याला म्हणावं, मला चहाला भेट."

थिओडोराने वडिलांकडे पाहिलं, मग एलियटकडे. "जानेवारीची वाट कशाला बघायची," एलियट म्हणाला. "उद्यापासूनच."

तिने सही केली. पेन परत आपल्याकडे येईल म्हणून हेस्टरने हात पुढे केला होता, पण ते मध्येच विन्स्लोने घेतलं. तो पानावर ओणवा झाला. वर दोन सह्यांनी जागा अडली होती, तिथे त्याने पाहिलंही नाही. खाली, डाव्या कोपऱ्यात, टायपिस्टच्या जागी, त्याने अगदी बारीक अक्षरांत लिहिलं : वि. स्टॅ.

"चूक नाही ना झाली कुठे?" त्याने विचारलं.

हेस्टरने कोपऱ्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षांच्या सवयीने पाहिलं. मग तिने अंगुस्तान टेबलावर दोनदा वाजवलं, आणि फोगार्टीने पानं उचलली.